फुकटच्या नाश्त्याचे न आलेले बिल

सकाळी आठच्या सुमारास वाशी, तुर्भे किंवा सीबीडी बेलापूरमधल्या एखाद्या बड्या हॉटेलच्या रेस्टॉरंटच्या दाराशी एक छापील यादी ठेवलेली असते. खोली क्रमांक, पाहुण्याचे आडनाव, माणसे किती, आणि शेवटच्या रकान्यात एक छोटी खूण. ज्याच्या नावापुढे ‘सीपी’ असते त्याच्या भाड्यातच नाश्ता धरलेला असतो. ‘ईपी’वाल्याने फक्त खोली घेतलेली असते, त्याला नाश्त्याचे पैसे वेगळे पडतात. काही मोजक्या नावांपुढे मात्र ‘कॉम्प’ लिहिलेले असते, म्हणजे हॉटेलकडून भेट. दाराशी उभी असलेली मुलगी खोली क्रमांक विचारते, पेनने खूण करते आणि टेबल दाखवते. तिघेही त्याच काउंटरवरून तोच डोसा घेतात, त्याच किटलीतली कॉफी पितात. फरक पडतो तो उठताना. ‘ईपी’वाल्याच्या टेबलावर बिलाचे फोल्डर येते आणि त्यासोबत टीप ठेवायची की नाही हा प्रश्नही येतो. ‘कॉम्प’वाला रुमाल टेबलावर टाकून सरळ लिफ्टकडे जातो. हा ‘कॉम्प’वाला बहुधा एखाद्या हॉटेल साखळीच्या निष्ठा योजनेचा वरच्या पायरीवरचा सभासद असतो. त्याने टीप द्यावी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो शिष्टाचाराचा म्हणून सोडून दिला जातो. खरे तर तो हिशेबाचा प्रश्न आहे. फुकट म्हटलेल्या नाश्त्याची किंमत कुणी ना कुणी चुकती करतोच. त्या हिशेबातून गळतो तो फक्त वाढणाऱ्या माणसाचा वाटा. तो भरून काढण्याची पहिली जबाबदारी, माझ्या मते, खाणाऱ्या सभासदाची नाही. ती भेट जाहीर करणाऱ्या साखळीची आणि तिच्या नावाने चालणाऱ्या हॉटेलची आहे.

आधी हा सभासद कोण ते पाहू. मॅरियट बॉनव्हॉय या योजनेत वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम आणि ७५ ला टायटॅनियम अशी चढण आहे, आणि नाश्त्याचा विषय सुरू होतो तो प्लॅटिनमपासून. तोही सगळीकडे सारखा नाही. एकाच साखळीच्या वेगवेगळ्या ब्रँडांत नियम बदलतात. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये हाच मान ग्लोबलिस्ट या पायरीला आहे आणि त्यासाठी ६० रात्री लागतात. स्वतःच्या खिशातून वर्षाला पन्नास-साठ रात्री हॉटेलात काढणारे कुटुंब शोधून सापडायचे नाही. पण आठवड्याला तीन रात्री कामासाठी मुक्काम करणारा माणूस सतरा आठवड्यांत पन्नाशी गाठतो. नवी मुंबईत हॉटेलांचा धंदा उभा आहे तो अशाच माणसांवर. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि आखीव शहर वसू लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीचा पट्टा होता, पुढे न्हावाशेव्याचे बंदर आले, वाशीला घाऊक बाजार आला, ऐरोली-घणसोली-कोपरखैरण्यात आयटीची संकुले उभी राहिली. इथला पाहुणा समुद्र बघायला येत नाही. तो सोमवारी येतो, गुरुवारी-शुक्रवारी जातो आणि त्याचे भाडे कंपनी भरते. म्हणजे ज्या निष्ठेचे बक्षीस तो खातो ती निष्ठा मालकाच्या पैशांनी विकत घेतलेली असते. यात गैर काही नाही. घरापासून लांब राहण्याची ती थोडीशी भरपाई आहे. पण ‘मी इतका खर्च केला, म्हणून मला मिळाले’ हा सभासदाचा दावा अर्धाच खरा आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता त्या नाश्त्याला किंमत असते का, ते तपासू. करकायद्याने हे कोडे आपल्यापुरते कधीच सोडवले आहे. खोली आणि नाश्ता एकत्र विकले तर तो व्यवहाराच्या नेहमीच्या ओघात जोडलेला संमिश्र पुरवठा, त्यातली मुख्य सेवा खोलीची, आणि कर लागणार तो खोलीच्या दराने. कायद्याच्या लेखी तिथे फुकट असे काही नाही. सगळी रक्कम एकाच बिलात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के आहे. समजा, नुसत्या खोलीचे भाडे ७,२०० रुपये आणि नाश्त्यासह ७,९००. नुसत्या खोलीवर कर ३६० रुपये, एकूण ७,५६०. नाश्त्यासह घेतली आणि सगळी रक्कम खोलीचेच मूल्य धरली, तर ती ७,५०० ची रेघ ओलांडते. कर १,४२२ रुपये, एकूण ९,३२२. सातशेचा नाश्ता पाहुण्याला १,७६२ रुपयांना पडला. तोच माणूस नुसती खोली घेऊन खाली रेस्टॉरंटात जेवढ्यास तेवढे पैसे भरून बसला, तर १८ टक्के कर धरूनही नाश्ता ८२६ रुपयांत होतो. आणि सभासदाने नुसती खोली घेतली, तर ७,५६० रुपयांत खोलीही मिळाली आणि नाश्ताही. आकडे मानलेले आहेत, पण त्यांतून निघणारी गोष्ट खरी आहे: ‘कॉम्प’ या खुणेला रोख मूल्य आहे आणि ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीनुसार बदलते. कंपनीच्या करारातच नाश्ता धरलेला असेल, तर सभासदाच्या हाती नवीन काहीच पडत नाही. भारतात कंपन्यांचे करार सर्रास नाश्त्यासहच होतात, त्यामुळे अनेकदा योजनेची ही भेट कागदावरच राहते.

या हिशेबात नवी मुंबईची एक खास गंमत आहे. हॉटेलातल्या रेस्टॉरंटला ५ टक्के कर लावायचा की १८, हे १ एप्रिल २०२५ पासून आदल्या आर्थिक वर्षावर ठरते. त्या वर्षात एखादी तरी खोली दिवसाला ७,५०० पेक्षा जास्त दराने दिली असेल, तर पुढचे वर्षभर तिथल्या खाण्यावर १८ टक्के. आता १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ हे दिवस आठवा. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले आणि आसपासच्या हॉटेलांची भाडी आकाशाला भिडल्याच्या बातम्या झळकल्या. एरवी चार-पाच हजारांत खोली देणाऱ्या एखाद्या हॉटेलने त्या आठवड्यात एक रात्र आठ हजारांना विकली असेल, तर तेवढ्यावरून त्याच्या रेस्टॉरंटची एप्रिलपासूनची इडलीसुद्धा १८ टक्क्यांच्या खात्यात गेली. एका रात्रीच्या भाड्याचे पडसाद वर्षभराच्या नाश्त्यावर उमटावेत, इतके हे दोन धंदे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यामुळे ‘नाश्ता काय, असाच असतो’ असे म्हणणे हॉटेलवाल्याला परवडत नाही. त्याच्या वहीत प्रत्येक ताटाची नोंद असते.

मग ‘कॉम्प’ ताटाचे पैसे कोण भरतो? रस्त्यावरून जाणाऱ्याला हॉटेलच्या माथ्यावरची पाटी दिसते आणि तो धरून चालतो की आतले सगळे त्या पाटीवाल्या कंपनीचे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या साखळ्यांची बहुसंख्य हॉटेले त्यांच्या मालकीची नसतात. वाशीचे फोर पॉइंट्स बाय शेरेटन ज्या नावाने ओळखले गेले ते नाव स्टारवूडचे, आणि २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवूड विकत घेतल्यावर मॅरियटच्या गोतावळ्यातले. पण इमारत आणि धंदा के. रहेजा समूहातल्या शॅले हॉटेल्सचा. तुर्भ्याच्या आयबिसचे नाव अकोरचे, मालकी इंटरग्लोब हॉटेल्सची. साखळी आपले नाव, आरक्षणाची यंत्रणा आणि सभासदांची फौज पुरवते आणि त्यासाठी मालकाकडून निरनिराळी शुल्के घेते. निष्ठा योजनेचे शुल्कही त्यात आले. गुणांवर घेतलेल्या मोफत रात्रीसाठी योजना हॉटेलला काही भरपाई देते. रोजच्या नाश्त्याचा भार मात्र बहुतेक ठिकाणी हॉटेलच्याच अंगावर पडतो. वचन साखळीचे, अंडी-दूध-गॅस मालकाचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार. म्हणूनच सभासद वाढले की मालक हात आखडता घेऊ लागतात. जुलै २०२१ पासून हिल्टनने अमेरिकेतल्या आपल्या अनेक हॉटेलांत सभासदांच्या मोफत नाश्त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी रोज ठरावीक रकमेची सवलत देणे सुरू केले. बाहेरून हा नियमातला किरकोळ बदल दिसतो. आतून तो मालक आणि साखळी यांच्यातल्या ओढाताणीचा निकाल आहे.

या ओढाताणीत दोन पक्ष आपापली बाजू राखू शकतात. साखळीकडे करार आहे, मालकाकडे खर्च कापायची कात्री आहे. तिसरा पक्ष वाढणाऱ्यांचा, आणि त्याच्याकडे यातले काही नाही. टिपेवर वर्षानुवर्षे संशोधन करणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांच्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या आहेत. पहिली, सेवा किती चांगली झाली आणि टीप किती मिळाली यांतले नाते लोक समजतात त्यापेक्षा फार क्षीण आहे. दुसरी, टीप किती पडणार हे सर्वांत जास्त ठरते ते बिलाच्या आकड्यावरून. माणूस मनात सेवेला गुण देत बसत नाही. तो बिल बघतो, त्याचे काही टक्के काढतो, सुटे किती आहेत ते पाहतो. हे अभ्यास अमेरिकेतले असले तरी आपल्याकडच्या बडीशेपेच्या वाटीत उरलेली चिल्लर टाकणाऱ्या गिऱ्हाइकाची रीतही वेगळी नाही. बिल आले की टीप आठवते. मग बिलच आले नाही तर? शून्याचे दहा टक्के शून्यच. सभासद कंजूष असतो म्हणून टीप देत नाही असे नाही. टीप आठवून देणारी वस्तूच त्याच्या टेबलावर येत नाही. हॉटेलने भेट देताना खर्च स्वतःवर घेतला, पण त्या ताटावर मिळू शकणारी टीप वाढप्याच्या खात्यातून वजा झाली आणि हे कुणाच्याच वहीत उमटले नाही.

नाश्त्याची पाळी हलकी असती तर एक वेळ सोडून देता आले असते. ती हॉटेलातली सर्वांत गर्दीची पाळी आहे. रेस्टॉरंट साडेसहा-सातला उघडायचे तर माणसे पाचच्या आसपास कामावर हवीत. कामाच्या दिवशी इथल्या पाहुण्यांना नऊच्या बैठकीला पोचायचे असते, त्यामुळे साडेसात ते पावणेनऊ या सव्वा तासात निम्म्याहून अधिक माणसे एकदम उतरतात. अंड्यांच्या काउंटरवर एकाला पिवळा बलक नको, दुसऱ्याला मिरची नको, तिसऱ्याला जैन हवे. डोशाच्या तव्यावर चार जण रांगेत, त्यातला एक फोनवर. इडलीच्या भांड्यातली इडली संपत आली की ते भरायचे, पण साडेदहाला बंद करताना उरायलाही नको, नाहीतर शेफ विचारणार. टेबलावरची उष्टी ताटली पाहुणा परत यायच्या आत उचलायची, पण त्याला घाई केल्यासारखे वाटता कामा नये. या पाळीत कायम कामगारांबरोबर कंत्राटदाराने पुरवलेली मुले असतात आणि हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यावेतनावर आलेले प्रशिक्षणार्थीही असतात. रात्रीच्या जेवणाच्या पाळीत बिले मोठी, टेबले कमी, टीप हमखास. सकाळी माणसे जास्त, बिले जवळजवळ नाहीतच. ज्याची सतत सकाळची पाळी लागते त्याच्या खिशाला किती चाट बसते, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा आहे आणि तो भक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली: हॉटेलांनी बिलात आपणहून सेवाशुल्क जोडू नये, कारण पदार्थाच्या किमतीतच सेवा धरलेली असते, त्याउपर काही द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेल आणि रेस्टॉरंट व्यावसायिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सुरुवातीला स्थगितीही मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी ही तत्त्वे वैध ठरवली. त्या निकालावर पुढे अपील झाले असले तरी युक्तिवादाचा गाभा सरळ आहे. मग आक्षेप असा: खोलीच्या भाड्यात नाश्ता आला, नाश्त्याच्या किमतीत सेवा आली, तर सभासदाचे देणे उरले कुठे? उत्तर आहे, उरले नाही. टीप देणे हे त्याचे कर्तव्य नाही, आणि न देणाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा कुणाला अधिकार नाही. पण हाच युक्तिवाद एक पायरी पुढे नेला की तो हॉटेलच्या दाराशी येऊन थांबतो. सेवा किमतीत धरलेली असेल, तर ती किंमत ज्याने माफ केली त्याने सेवेचा मोबदलाही स्वतः उचलला पाहिजे. किंमत माफ करायची आणि सेवेचे काय ते पाहुणा व वाढपी आपसात बघून घेतील म्हणायचे, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

हे अशक्य नाही याचा पुरावा एका साखळीच्या अटींतच आहे. वर्ल्ड ऑफ हयातच्या अटींत ग्लोबलिस्ट सभासदाच्या नाश्त्याची व्याख्या अशी: एक मुख्य पदार्थ किंवा नेहमीचा बुफे, रस आणि कॉफी, आणि त्यासोबत कर, टीप व सेवाशुल्कही, खोलीतल्या नोंद झालेल्या दोन प्रौढ आणि दोन मुलांपर्यंत. ही अट लिहिणाऱ्याने पाहुण्याच्या मनातली चुळबूळ ओळखली आणि तिची जागा हॉटेलच्या खर्चात दाखवली. प्रत्येक हॉटेलात ती रक्कम वाढप्यापर्यंत कशी पोचते हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. तरी भेटीच्या व्याख्येत सेवेचे पैसे धरता येतात, एवढे यातून नक्की सिद्ध होते. ज्या योजना याविषयी गप्प आहेत, त्या गप्प राहण्याचा फायदा घेत आहेत.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. टीप ही अमेरिकेची खोड आहे, ती इथे का आणायची? अमेरिकेचे उदाहरण इथे लागू होत नाही, हे मान्य. तिथे टीप मिळणाऱ्या कामगारासाठी संघराज्याचा किमान वेतनदर ताशी २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून हललेला नाही. उरलेले पोट गिऱ्हाइकाने भरायचे, अशी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे किमान वेतनाच्या कायद्यात टीप मिळणाऱ्यांसाठी असा खालचा दर नाही, आणि तो कधी येऊ नये. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलातल्या कामगारांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच टीप म्हणजे गिऱ्हाइकाचे देणे, मालकाने दिलेले वेतन नव्हे, ही भूमिका घेतली. २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की कार्डावर आलेली टीप हॉटेलने गोळा करून कामगारांत वाटली तरी ती पगार ठरत नाही, मालक केवळ मधला विश्वस्त असतो. म्हणजे मालकाने टिपेकडे बोट दाखवून पगारात कसूर करायची नाही, हे आपल्याकडे ठरलेले आहे. पण कामाची दखल म्हणून वर चार पैसे देणे परके आहे, हे खरे नाही. दिवाळीत पोस्टमनला, सफाईवाल्याला, इमारतीच्या रखवालदाराला पोस्त देण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर आहे. ती बिलाच्या टक्क्यांवर चालत नाही. वर्षभर जो आपल्यासाठी खपला त्याची आठवण म्हणून चालते. एकाच हॉटेलात महिन्यातून दहा-बारा सकाळी काढणारा सभासद त्या वाढप्याच्या दृष्टीने वाटसरू नसतो, तोंडओळखीचा माणूस असतो. त्याच्यासाठी टक्केवारीपेक्षा पोस्ताचा नमुना जास्त जवळचा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारातला. बुफेत पाहुणा स्वतःच वाढून घेतो, मग टीप कशाची? आणि नोकरदार सभासदाला टीप कंपनीकडून परत मिळत नाही, कारण पावती नाही. यातला पहिला भाग डोळ्यांना दिसणाऱ्या कामापुरताच खरा आहे. पाहुणा घेतो ती शेवटची कृती. ताटे आणणे, उचलणे, भरणे, पुसणे, आणि समोर उभे राहून अंडे करून देणे हे दुसऱ्याचेच असते. पंगतीत वाढण्यापेक्षा ते थोडे कमी असेल, म्हणून टीपही थोडी कमी असावी, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. दुसरा भाग मात्र खरा आहे आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. प्रवासाचा सगळा खर्च पावतीवर चालतो, तिथे पावतीशिवायचा एकच खर्च कर्मचाऱ्याच्या पदरचा ठेवला तर तो आपोआप गळणार. त्यासाठी हॉटेलने शून्य रकमेचे बिल टेबलावर आणावे: नाश्त्याची किंमत अमुक, सभासदाची भेट म्हणून वजा, देणे शून्य, आणि खाली टिपेची ऐच्छिक ओळ. इच्छा असेल त्याने ती रक्कम खोलीच्या खात्यात लावावी. काही हॉटेलांत असे बिल सहीसाठी येतेही. त्याने दोन कामे होतात: पाहुण्याला भेटीचे मोल कळते, आणि वाढणाऱ्याला विसरणे अवघड होते.

चौथा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. टीप सुरू झाली की पंगतीत प्रपंच होतो. देणाऱ्याला गरम डोसा, न देणाऱ्याला गार. हा धोका खरा आहे. ज्याच्या खिशात वरच्या पायरीचे कार्ड आहे त्याचा मान आधीच जास्त, त्यात टीप मिळाली की ‘सीपी’वाला साधा पाहुणा आणखी मागे पडेल. शिवाय टीप नेहमी दिसणाऱ्याला मिळते. ताटे धुणारा, पहाटे पीठ आंबले का ते पाहणारा, कंत्राटी झाडूवाला यांच्यापर्यंत ती पोचत नाही. म्हणून व्यक्तीला दिलेल्या टिपेवर सगळी भिस्त ठेवणे चूक आहे. हॉटेलने प्रत्येक ‘कॉम्प’ ताटामागे ठरावीक रक्कम सकाळच्या पाळीच्या सामाईक खात्यात टाकावी, त्यात भांडीघर आणि कंत्राटी माणसेही धरावीत, आणि महिन्याचा हिशेब कामगारांना दिसेल असा लावावा. असा वाटा ताटाच्या खर्चापुढे नगण्य असेल. वर मांडलेल्या सातशेच्या नाश्त्यावर त्याचे पाच टक्के धरले तरी ३५ रुपये होतात. सभासदाला भेट देऊन हॉटेल जी सदिच्छा मिळवते, तिच्या तुलनेत ही रक्कम कुणी जास्त म्हणणार नाही.

तोवर सभासदाने काय करावे? त्याच्यावर बंधन नाही, हे पुन्हा सांगतो. पण ज्याला द्यायचे आहे त्याने गोंधळण्याचे कारण नाही. बाहेरच्या रेस्टॉरंटात पाच-दहा टक्के देणाऱ्या माणसाने फुकटच्या नाश्त्याची बाजारभावाची किंमत मनात धरून तेवढे किंवा, बुफे असेल तर, थोडे कमी द्यावे. दोन माणसांच्या टेबलाला पन्नास ते शंभर रुपये पुरेसे आहेत. ते मुक्कामाच्या शेवटी एकदम देण्यापेक्षा रोज द्यावेत, कारण पाळ्या बदलतात आणि सोमवारी ज्याने वाढले तो गुरुवारी सुट्टीवर असतो. हॉटेलात सामाईक पेटी असेल तर तीच बरी. आणि टिपेइतकीच उपयोगी गोष्ट म्हणजे मुक्कामानंतर साखळी पाठवते त्या प्रश्नावलीत वाढप्याचे नाव लिहिणे. त्या प्रश्नावल्या व्यवस्थापक वाचतात, कारण त्यांच्यावर हॉटेलचे गुण ठरतात. त्याच प्रश्नावलीत सभासदाने एक प्रश्नही विचारावा: तुमच्या भेटीत सेवेचा वाटा धरला आहे का? पन्नास रात्रींच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न साखळीला टाळता येत नाही.

नवी मुंबईत हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेल, उलवे, खारघरकडे हॉटेलांची गर्दी वाढणार, मोठ्या साखळ्यांच्या पाट्या वाढणार आणि सभासदही वाढणार. नवी हॉटेले उभी राहताना मालक आणि साखळी यांच्यात नवे करार होतील. त्यांत नाश्त्याच्या भेटीची ओळ असणारच. ती ओळ लिहितानाच तिच्यात वाढणाऱ्याचा वाटा धरणे सर्वांत स्वस्त आहे. एकदा हॉटेल चालू झाले, खर्चाचे आराखडे पक्के झाले, की मग प्रत्येक रुपयासाठी मालक साखळीकडे आणि साखळी मालकाकडे बोट दाखवते. भेट देणाऱ्याने ती पूर्ण द्यावी, एवढेच मागणे आहे. अर्धी भेट हॉटेलने द्यायची आणि उरलेली अर्धी पहाटे पाचला कामावर येणाऱ्या माणसाकडून न सांगता वसूल करायची, ही पद्धत जोवर चालू आहे तोवर तो नाश्ता कुणीतरी विकत घेतलेला असतो. फक्त त्याचे बिल भलत्याच माणसाकडे जाते.